गोल विहिरीतल्या सुमनताई

शिट्टी वाजली की आमच्या सुमनताई वाकतात. शिट्टी कोणतीही चालते. कुकरची, पोरांच्या कवायतीची, एसटी मागे घेताना कंडक्टर फुंकतो ती. गुडघे वाकवून, हात मागे नेऊन, नजर समोर. एकदा मेडशीच्या स्टँडवर त्या अशा वाकल्या की समोरच्या म्हातारीला वाटलं, बाई पाया पडताहेत. तिनं "सुखी राय, माय" म्हणत डोक्यावर हात ठेवला. ताई तशाच वाकलेल्या! मी हसून हसून गाडी चुकवली.

वाशिमकडच्या मालेगावच्या एका सरकारी कार्यालयात आम्ही दोघं कारकून. अकरा वर्षं शेजारी टेबलं. मी परीक्षा देऊन लागलो आणि त्या पोहून लागल्या, असं मी त्यांना चिडवतो. पण खोटं काय त्यात? शंभर मीटर पोहण्यात सलग चार वर्षं राज्यात पहिल्या! खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळाली.

कामाचं त्यांचं माप एकच, पोहण्याच्या शर्यतीतलं. मी म्हणावं, फाईल झाली, त्या विचारणार, "भिंतीले हात लागला काय?" म्हणजे जावक रजिस्टरात नोंद झाली का. कुणाच्या पोरीचं लग्न जमलं तरी तेच, "जमलं मनता, पर भिंतीले हात लागू द्या आदी." साहेब रागावले की त्या दम रोखून उभ्या राहतात. शेवटी धाप साहेबांनाच लागते.

माहेर इंझोरीचं. बापानं पाठीला वाळला भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकवलं. विहीर गोल. गोल विहिरीत माणूस गोलच पोहणार, आणि या कायम डावीकडे वळत. पहिल्या स्पर्धेत तरणतलावात उडी मारली, ती दोन पोरींच्या अंगावरून थेट डाव्या काठाला! बाद. "मले का मालूम भाऊ," त्या अजून म्हणतात, "पान्याले कोपरे राह्यतात मनून!"

अशी बाई, आणि तीस वर्षांत पाण्यात उतरली नाही. कार्यालयाची सहल धरणावर गेली, तर आम्ही सगळे पाण्याकडे तोंड करून आणि या पाठ करून. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. मला याचा भारी राग यायचा. अंगात एवढी कला, आणि काहून वाया घालवता बाप्पा?

यंदा हिवाळ्यात वाशिमला पन्नाशीपुढच्या बायांची स्पर्धा निघाली. मी न विचारता त्यांचा फॉर्म भरून टाकला. ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा उघडला, पण जेवल्या नाहीत.

"भाऊ, मले सरळ पोयताच ये नोतं," त्या म्हणाल्या. "मंग बाबा काठाकाठानं चालत. 'माह्याकडं पाहत ये' मनत. श्वासाले तोंड काढलं का बाबा दिसत. जातांनी डावीकडून श्वास घ्याची, येतांनी उजवीकडून, बाबा त्याच काठावर राहत ना! पंच हाकलून देत, बाबा धोतर सावरत पुन्हा हजर."

"मंग?"

"बाबा गेले त्या साली पुन्हा उतरली. सगळ्यायच्या पुढं होती. तोंड काढलं तं काठ रिकामा. कुठं जाव समजेना, भाऊ. मधातच दोरी धरून उभी राह्यली. तवापासून पान्याकडं पाहवत नाही. आन् पान्याबिगर करमतही नाही."

मी हातातली पोळी डब्यात ठेवली. म्हटलं, "मी चालतो ना काठानं."

"तुमी? तुमाले तं पान्याचं भेव वाटते. पडसान!"

"पडलो तं तुमी हायेच काढाले."

स्पर्धेच्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी काठावर उभा. फरशी ओली, पोट पुढे, जीव मुठीत. ताई सुटल्या आणि मी चालू लागलो. पाण्यातून तोंड वर आलं, डोळ्यांनी मला शोधलं, तोंड आत. पुन्हा वर, पुन्हा आत. रेघ मारल्यासारख्या सरळ चालल्या होत्या! तेवढ्यात एक पंच धावत आला, "ओ काका, मागं व्हा!" मी म्हटलं, "मले मंग हाकला, आदी माही बहीन काठाले लागू द्या." तो बिचारा बाजूला सरला. येताना त्यांनी उजवीकडून श्वास घेतला, आणि मीही पाय घसरत घसरत त्याच काठानं परत आलो.

ताई चौथ्या आल्या. पाच जणी होत्या. मला वाईटच वाटलं. चार वर्षं राज्यात पहिली आलेली बाई ती.

त्या काठावर बसल्या होत्या, खांद्यावर टॉवेल. मी शेजारी टेकलो.

"दिसलो काय मी?"

"दिसले ना." पाण्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "पर दर खेपेले पह्यले बाबाच दिसले, भाऊ. डोयातलं पानी सरलं का मंग तुमी."

मी दुमडलेली पँट खाली सोडू लागलो.

"दम होता माह्यात," त्या टॉवेलात तोंड पुसत म्हणाल्या. "मुद्दाम हळू पोयली. संपू नये वाटे."