तारेवर अडकलेली वाटी

छत गळायला लागलं म्हणून डेस पास्कोनं आपल्या कापडदुकानातलं खोटं छत उतरवलं, आणि वर त्याच्या आजोबांच्या काळातली तार जशीच्या तशी निघाली! काउंटरपासून पार पलीकडच्या उंच गल्ल्यापर्यंत ताणलेली तार आणि तिच्यावर छोट्या चाकांना लटकणाऱ्या लाकडी वाट्या. गिऱ्हाइकाचे पैसे वाटीत घालायचे, दांडी खेचायची, की वाटी सुर्रकन गल्ल्यावर. सुटे घेऊन तशीच परत. बूराम्बी गावात असलं काही शिल्लक असेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. डेसच्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्याच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या डोळ्यांत काही आलं नाही. "कर खुशाल कौतुक. पण नाताळपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर दुकानाला कुलूप. कळलं?"

डेसनं हातापाया पडून सहलीची एक बस थांबवली. आतून कुडकुडत म्हातारे-म्हाताऱ्या उतरल्या. तिकडं जुलै म्हणजे ऐन हिवाळा, पण थोडक्यात आटपणार म्हणून कोट सगळ्यांचे बसमध्येच.

"काका, दहा मिनिटं," ड्रायव्हर क्लाइव्हनं बसला कुलूप लावत बजावलं. "पुढं द्राक्षमळ्यावर जेवण सांगितलंय."

"कुणीतरी काहीतरी द्या वाटीत घालायला!" डेस उत्साहानं म्हणाला. थेल्मा बॅगशॉ नावाच्या आजी भलत्याच रंगात होत्या. त्यांनी तोंडातली कवळी काढली आणि टाकली वाटीत. डेसनं दांडी खेचली. वाटी झपाट्यानं निम्म्यापर्यंत गेली आणि तिथंच लोंबकळत राहिली.

"अगो बाई, माझे दात!"

"घाबरू नका आजी. मागून दुसरी वाटी सोडली की पहिलीला धक्का बसतो. आमचे आजोबा असंच करायचे." आजोबा काय करायचे ते देवालाच ठाऊक. "फक्त वाटीत वजन हवं जरा."

"हे घ्या वजन, पण आटपा!" क्लाइव्हनं खिशातला जुडगा वाटीत आदळला. दुसरी वाटी जोरात गेली आणि इमानदारीत पहिलीच्या पाठीला चिकटून बसली.

क्लाइव्हचा चेहरा पडला. "काका... ती बसची चावी होती."

गावातली एकुलती उंच शिडी आग विझवणाऱ्या मंडळींच्या गाडीवर, आणि ती मंडळी शनिवार म्हणून शेजारच्या गावी फुटबॉलला. डेस टेबलावर चढून काठीनं वाट्यांना ढोसू लागला. काठी पोचेना, घामाच्या धारा मात्र लागल्या. गेलं दुकान, असं त्याला मनोमन वाटत होतं. कोट बसमध्ये अडकलेली म्हातारी मंडळी खाली थंडीनं काकडत होती. खबर लागली तशा गावातल्या बायका चहा आणि स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन आल्या. थेल्माआजी बोळक्या तोंडानं चहात बुडवून बुडवून स्कोन खात होत्या आणि शिवाय डेसला काठी कुठं मारायची ते सांगत होत्या.

संध्याकाळी शिडी आली. दात मिळाले, चावी मिळाली. डेस माफी मागायला वाकला, तर कवळी बसवून आजी म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून इतकी हसले नव्हते रे बाबा!"

बस गेली. डेसनं वळून बघितलं, तर कपाटं रिकामी. लोकरी कोट, हातमोजे, सगळं गेलं होतं. "तुझ्या आजोबांच्या वेळचे लोकरी पायजमेसुद्धा खपले," ग्लेनिस म्हणाली.

आजींनी सगळीकडे दवंडी पिटली. पुढच्या शनिवारी दुसरी बस आपणहून आली. डेसनं आठवडाभर खपून तारेतला बारीकसा बाक काढला होता, चाकांना तेल घातलं होतं. वाटी लोण्यासारखी गेली आणि लोण्यासारखी परत आली.

मंडळींनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. "एवढंच?" एका आजोबांनी विचारलं. "अडकत नाही होय ती?" एक हातरुमाल खपला आणि बस निघून गेली.

ग्लेनिसनं आग विझवणाऱ्यांकडून मागून आणलेली शिडी तारेखाली लावली आणि डेसच्या हातात पक्कड ठेवली. "तू करतोस, की मी करू?"

"अगं, इतक्या वर्षांनी ती धड चाललीय गं!"

"ती चालली, दुकान बसलं."

डेस जड पावलांनी वर चढला. काळीज तुटत होतं बिचाऱ्याचं. "माफ करा आजोबा," असं पुटपुटत त्यानं डोळे मिटून तारेला पीळ दिला. "पुरे एवढा?"

"आणखी थोडा दे," ग्लेनिस खालून म्हणाली. "पुढच्या शनिवारी दोन बस आहेत."