बंद केलं की पळणारं विमान

विमान पास झालं, तर चष्मेवाल्याला मागची खोली कायमची मिळणार होती. नापास झालं, तर ती बायकोच्या गणिताच्या शिकवणीला जाणार होती आणि आठ महिने खपून उभं केलेलं जुन्या लढाऊ विमानाचं ते बॅटरीवरचं मॉडेल माळ्यावर. अट एकच: चाचणीत घरातलं काही फुटता-फाटता कामा नये. निवाडा सासऱ्यांचा. ते आठ दिवसांसाठी आले होते आणि उभी हयात कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढल्यामुळे पोटच्या लेकीचीही बाजू घेत नसत. खुर्चीवर बसण्याआधी ते तिचे चारही पाय हलवून बघत.

रविवारी दुपारी विमान जेवणाच्या टेबलावर आलं. हिरवे-तपकिरी पट्टे, अंगावर खोट्या काजळीचे डाग. रिमोटवर अंगठा फिरताच शेपूट हललं, नाकावरचा पंखा अलगद फिरला आणि थांबला.

"चालू काय, कुणीही करेल, जावईबापू," सासरे म्हणाले. "बंद करून दाखवा."

चष्मेवाल्याने ऐटीत रिमोट बंद केला.

त्याबरोबर विमान डरकाळी फोडून काचसामानाच्या कपाटाकडे सुटलं. बायकोने झेप घेऊन शेपूट पकडलं.

"अहो, बंद करा ना!"

"बंदच केलंय!"

"मग हे काय झोपेत घोरतंय?"

त्याने घाबरून रिमोट पुन्हा चालू केला. मोटर थांबली. आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दोघांना समजावून सांगितलं. रिमोटशी संपर्क तुटला तर काय करायचं, हे विमानाला पहिल्या जोडणीच्या वेळीच शिकवावं लागतं. रिमोटवरची वेगाची दांडी शून्यावर ठेवून. नेमकी त्याच वेळी बायकोने हाक मारली होती. 'आलो' म्हणता म्हणता अंगठ्याने दांडी अर्ध्यावर गेली. विमान बिचारं आज्ञाधारक. मालक नाहीसा झाला की अर्ध्या जोराने पळायचं, एवढं ते शिकून बसलं.

"म्हणजे माझंच चुकलं?" बायकोने विचारलं.

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणणार होतात."

तेवढ्यात रिमोट टिक्-टिक् करू लागला.

"हे काय आता?" सासरे.

"सेल संपत आलेत."

"मग बदला की!"

"बदलायला रिमोट बंद करावा लागेल, बाबा."

तिघांनी पंख्याकडे पाहिलं.

"पंखाच काढा," सासरे म्हणाले.

"पक्का चिकटवलाय."

"मग विमानाची बॅटरी काढा!"

"ती पोटात आहे. झाकणाला चार स्क्रू आहेत. पण ते दिसत नाहीत." चष्मेवाल्याचा आवाज खाली गेला. "मूळ विमानाला तिथे झाकण नव्हतं ना, म्हणून सकाळी बॅटरी जोडल्यावर वरून रंग दिला. तेव्हापासून रिमोट चालूच होता." एवढ्यातही त्याला आपलं कौतुक आवरलं नाही.

विमान उताणं केलं. बायकोने पंख्याचं तोंड रिकाम्या भिंतीकडे वळवून शेपूट घट्ट धरलं. सासऱ्यांनी रिमोट तान्ह्या बाळासारखा छातीशी घेतला. चष्मेवाल्याने खिशातला चष्मे दुरुस्तीचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि नखाने रंग खरवडू लागला. एक स्क्रू निघाला. टिक्-टिक् जलद झाली. दुसरा निघाला.

"सावकाश," सासरे म्हणाले.

"सावकाश कसलं, आटपा!" बायको म्हणाली.

तिसरा निघाला. चौथ्याचा माथा झिजलेला. स्क्रूड्रायव्हर नुसताच गरगरला. आणि टिक्-टिक् थांबली.

"हा गप्प का झाला?" सासऱ्यांनी विचारलं.

उत्तर विमानाने दिलं. टेबल थरथरलं, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे महिने भराभरा उलटले.

"मी सोडत नाही," बायको ओरडली, "पण जे काय करायचं ते लवकर करा!"

चष्मेवाल्याने तीन बाजूंनी सुटलेलं झाकण बोटभर उचललं. सासऱ्यांनी धावत जाऊन स्वयंपाकघरातली सांडशी आणली, फटीत घातली आणि वायर खेचली.

मोटर थांबली.

सासऱ्यांनी घरभर फेरी मारली. कप मोजले, पडदे चाचपले, कॅलेंडरचं पान न् पान पाहिलं.

"काही फुटलं नाही, काही फाटलं नाही. विमान पास."

चष्मेवाल्याची छाती फुगली.

"पण असलं यंत्र आणि असला माणूस एका खोलीत, देखरेखीशिवाय? मी असेपर्यंत नाही."

संध्याकाळी त्यांची बॅग मागच्या खोलीत गेली. त्याला आता तीन महिने झाले. दांडी शून्यावर ठेवून त्यांनी विमानाला सगळं नव्याने शिकवलंय आणि रोज दुपारी चार ते सहा ते मोटर तपासतात. त्या आवाजात गणितं सुटत नाहीत, म्हणून लेकीने शिकवणी सकाळी साडेपाचला नेली आहे. आणि चाचणी जिंकलेला जावई दारातून नुसतं बघतो. आत यायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते.