ट्रान्सफॉर्मरचा डबा

आमच्या गल्लीतला नवा ट्रान्सफॉर्मर वाचलेली वीज स्टीलच्या डब्यात भरून शेजारीपाजारी पाठवतो. जुना असं करत नसे. तो ती अंग तापवण्यात घालवायचा. वायरमन इंगवल्यांनी मला फरक नीट समजावला. नव्याच्या पोटातला मिश्रधातू वितळलेला असताना इतका झटकन गार करतात, की कणांना रांगा लावायला वेळच मिळत नाही. जो जिथे असेल तो तिथेच थिजतो. अशा धातूचं चुंबकत्व सारखं उलटसुलट करायला कष्ट कमी पडतात, म्हणून वीज कमी वाया जाते. उरलेल्या विजेचं काय करायचं, हे मात्र ट्रान्सफॉर्मरनं स्वतःच ठरवलं.

परवा डबा म्हेत्र्यांकडे गेला. म्हेत्रेवहिनींनी त्यावर मिक्सर चालवला आणि डबा घासूनपुसून रिकामा परत केला. आज सकाळपासून गल्लीतले पंखे जेमतेम हलत होते. आणि संध्याकाळी वहिनींच्या केतकीला बघायला साताऱ्याहून पाहुणे येणार होते.

वहिनी मला सोबत घेऊन ट्रान्सफॉर्मरकडे गेल्या.

"रागावलात का?"

"मी कुठे काय बोललो?" ट्रान्सफॉर्मर म्हणाला. "डबा लख्ख घासला होता, तेवढं दिसलं."

"चुकलंच माझं. रिकामा द्यायला नको होता. लाडू आणू?"

"लाडू तुम्हाला लागतील. मी वाया जाणारं दिलं होतं. तुमच्याकडे वाया जाणारं काही असेल तर बघा."

वहिनींनी फार विचार केला नाही. "आमच्या ह्यांचे सल्ले आहेत. दिवसभर देतात, घेत कुणी नाही. मागचे पाहुणे तर चहा न पिताच उठले."

"चालतील."

घरी येऊन वहिनींनी डबा म्हेत्र्यांच्या तोंडाशी धरला. "अहो, यात बोला."

म्हेत्रे चपलेच्या मापापासून निघाले आणि पित्तापर्यंत आले. "याहून मोठा डबा नाही का?"

"दाबून भरा."

झाकण लावून मीच डबा पोचवला. पंखे तिथल्या तिथे भरारा फिरू लागले.

पाहुणे आले. मुलगा म्हणाला, "नोकरी सोडून मी पोल्ट्री काढणार आहे." आम्ही सगळ्यांनी म्हेत्र्यांकडे पाहिलं. म्हेत्र्यांनी तोंड उघडलं, आत काही सापडेना, म्हणून त्यात पोहे घातले. केतकीनं कोंबड्यांची चौकशी केली. मुलगा खुलला. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं.

पाहुण्यांना निरोप द्यायला आम्ही बाहेर आलो, तेव्हा ट्रान्सफॉर्मर शेजारच्या खांबाला सांगत होता की सकाळी अनशापोटी कोमट पाणी घ्यावं आणि फार वेळ उभं राहू नये. खांब ऐकून घेत होता.