आत माया हाय!

आमच्या हनीफमामूंना कुणाचं कौतुक बसून करताच येत नाही. उभं राहावं लागतं! आईचं नाव निघालं, उठले. विषय बदलला, बसले. इथे ओमानमध्ये, सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आता मशीनवरचा माणूस अशा उठाबशा काढायला लागला, की माझ्या ब्लाउजचं काय होत असेल, विचार करा!

मामू मुरुडचे सिद्दी. पूर्वज फार पूर्वी आफ्रिकेतून कोकणात आलेले. काळाभोर रंग, कुरळे केस. त्यामुळे ओमानी गिऱ्हाईक त्यांच्याशी अरबीत सुरू होतं आणि आपली मंडळी इंग्रजीत. "मराठी समजतं तुम्हाला?" असं कुणी विचारलं की मामू म्हणतात, "समजतं ना! तुमचं जरा अवघड जातं, पण समजतं."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे माया. पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात ना, ती. पोरांच्या युनिफॉर्मला तर मामू भरभरून माया ठेवतात. माप घेऊन झालं की पोराच्या पाठीवर थाप मारतात, "वाढ बिनधास्त, आत माया हाय!"

तर परवा आमची अन्वी शाळेतून उड्या मारतच आली. इंग्लिशच्या टीचरनी ब्लॅक हिस्टरीचा, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या इतिहासाचा, प्रोजेक्ट दिला होता. इंटरनेटवरची मोठी माणसं नकोत, घरातला किंवा ओळखीतला हिरो शोधा.

"आई, आपल्याकडे हनीफमामू आहेत!"

यल्ला! निघालो दोघी दुकानात. अन्वीचं मराठी म्हणजे आनंदी आनंद. आत शिरताशिरता तिनं विचारलं, "मामू, तुमचा काळा इतिहास सांगा ना."

मामूंची कात्री थांबली. "काळा इतिहास? आमच्या खानदानात कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढला नाय गो! कुणी सांगितलं तुला?"

हसून हसून माझी वाट लागली. कसंबसं समजावलं, तेव्हा मामू जे उठले ते खाली बसेचनात! समुद्रातल्या किल्ल्यावर शिडाची होडी नेणारे वडील, हिरो! कालवं विकून पोरांना शिकवणारी आई, हिरो! सुईणीचं काम करणारी मोठी बहीण, म्हणजे त्यांची बुबू, ती तर डबल हिरो! "अर्ध्या गावाला पयला हात तिचा लागलाय!" कपाटातून तिघांचे फोटो काढून त्यांनी अन्वीच्या हातात दिले.

"आणि तुम्ही?" अन्वीनं विचारलं.

"मी? मी शिंपी." आणि चटकन बसले.

शाळेत प्रोजेक्ट बघायला मात्र येईनात. "ताई, मी कुठंही गेलो की लोक पयलं विचारतात, हा कुठला? आईच्या फोटोसमोर तेवढं ऐकायला नको वाटतं."

असा संताप आला मला त्या लोकांचा! "विचारू दे कुणाला विचारायचं ते, उत्तर मी देते," म्हटलं आणि ओढतच नेलं म्हणा ना.

अन्वीच्या पोस्टरवर कडेला आई, वडील, बुबू होते आणि मधोमध गळ्यात टेप घातलेले खुद्द मामू. अन्वी इंग्रजीत धडाधड बोलत होती. मी मामूंच्या कानात मराठी सांगत होते, "ती म्हणतेय, हे आम्हा मुलांच्या कपड्यांत आतून प्रेम शिवतात. वरून दिसत नाही. पण आम्ही मोठे झालो की पुरतं."

अख्खा वर्ग टाळ्या वाजवत उभा राहिला. मामूंनी गर्रकन मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

"मामू, तुमच्यासाठी उभे राहिलेत सगळे!" मी म्हटलं.

अन्वीला वर्गात ठेवून आम्ही दोघं निघालो. गाडीत मामू हळूच म्हणाले, "ताई, पोरीनं मायेचा अर्थ चुकवला."

"हो ना. घरी आली की सांगते तिला."

"नको, नको! सांगू नका," मामू घाईघाईनं म्हणाले. "राहू दे तसाच. काय पोरगी हाय ती!" आणि एवढं बोलून गाडीतच उभे राहायला गेले. डोकं टपावर आपटलं.