थोरलीने घासलेली वजनं

या महिन्यापासून आपल्या घरात न मोजता एक दाणासुद्धा शिजणार नाही, असं थोरलीने जाहीर केलं, तेव्हा घरातल्या कुणी हूं की चूं केलं नाही. करून उपयोगही नव्हता. बहिणींत मोठी म्हणून ती माहेरी थोरली होती, सासरी आली तर तिथेही थोरली झाली आणि पुढे सगळ्या गल्लीचीच थोरली होऊन बसली. तिचा नवरा निवृत्त माणूस. त्याने वाचत होता ते वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर जरा वर धरलं. त्याचा विरोध नेहमी एवढाच असायचा.

या सगळ्याच्या मुळाशी होता मुलगा. तो काटेवाला. दुकानांतले, गिरण्यांतले, गोदामांतले वजनकाटे तपासायचे, चुकत असतील ते नीट बसवायचे, शिक्का मारायचा आणि पुढचं गाव गाठायचं. वजनमापांच्या सरकारी कचेरीचा परवाना खिशात, वजनांची पेटी हातात, आणि फोन आला की पाय दाराबाहेर. संध्याकाळी येतो म्हणून गेलेला माणूस आठवडा उलटला तरी यायचा नाही, आणि आठवड्याचे कपडे घेऊन गेलेला त्याच संध्याकाळी दारात उभा राहायचा. त्याच्या वाटणीचं शिजवावं तर तो यायचा नाही, मग तो शिळा भात दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या ताटात जायचा. शिजवू नये तर हा वाघासारखा भुकेला हजर. बाहेर असला की खानावळीत जेवायचा. पगाराचा निम्मा लचका खानावळवाले तोडायचे, आणि त्यांच्या तेलाने पोट बिघडलं की उरलेल्यातला डॉक्टर तोडायचा. घरात हे रोज दिसत होतं आणि रोज कुणीतरी सुस्कारा टाकून गप्प बसत होतं. थोरलीला सुस्काऱ्यांचा तिटकारा.

तिचा बेत असा होता. पीठ, तांदूळ, डाळ, सगळं माणशी तोलून पिशव्यांत भरायचं. मुलगा गावाला गेला की त्याची पिशवी बांधलेली राहणार. आणि जाताना त्याच्यासोबत टिकाऊ, कोरड्या खाण्याचा डबा. खानावळीची पायरी चढायची नाही. तोलायला मुलाच्या भंगारातला एक जुना, दोन पारड्यांचा तराजू माळ्यावर होता. वजनं तर घरातच होती, खाटेखाली, त्याच्या पेटीत.

सून तशी कमी बोलणारी, पण पेटीचं नाव निघताच ती ओट्यापासून वळली.

"आई, त्या पेटीला हात लावू नका. हे मलासुद्धा लावू देत नाहीत. स्वतः उचलतात तेही फडक्यात धरून."

"फडक्यात धरावी लागतात, म्हणजे किती बरबटलेली असतील बघ," थोरली म्हणाली. "आणि ती मी पिठाशेजारी ठेवू?"

सुनेने पुन्हा ओट्याकडे तोंड केलं.

मुलगा लांबच्या फेरीहून येऊन मेल्यासारखा झोपला होता, त्या दुपारी थोरलीने पेटी मोरीवर नेली. वजनं पितळेची, काळपट पडलेली, वर तेलाचा हात. कुठल्या कुठल्या गोदामांत उंदरांच्या शेजारी बसून आलेली. तिने भांडी घासायची पावडर काढली, तारेची घासणी काढली आणि पदर खोचला. एकेक वजन असं लख्ख झालं की त्यात तोंड दिसावं, आणि थोरलीला स्वतःचं तोंड त्यात बरं दिसलं. मग तिने ती उलटी केली. प्रत्येक मोठ्या वजनाच्या तळाला एक भोक होतं आणि त्यात करड्या रंगाचं काहीतरी घट्ट बसलं होतं, वर ओरखडे उठलेलं. वर्षानुवर्षं न घासलेल्या कढईच्या कानाशी जे साचतं, ते तिने ओळखलं. सुरीने निघेना. मग तिने म्हाताऱ्याचा जाड स्क्रू ड्रायव्हर आणला आणि दाढ उपटावी तसा एकेक गोळा उपटून काढला. घामाघूम झाली. म्हातारा पाणी प्यायला आला, मोरीत डोकावला आणि हे काय निघालं म्हणून त्याने विचारलं.

"तुमच्या मुलाचा आळस," ती म्हणाली आणि सगळे गोळे केरात टाकले.

वजनं उन्हात वाळवली, पीठ तोललं, पिशव्या भरल्या, वजनं फडक्यांत गुंडाळून पेटी जागच्या जागी सरकवली. आणि बेत लागू पडला की हो! त्या महिन्याअखेर डब्याच्या तळाशी पीठ उरलं. माणसं ताटावरून उठताना जराशी रेंगाळत होती, म्हातारा बोटं जरा जास्तच चाटत होता, पण पीठ उरलं. थोरलीने तो डबा येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवला.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पेटी घरी असताना कोपऱ्यावरच्या दुकानदाराची किलोची पुडी त्यातल्या वजनासमोर तराजूत टाकली की पारडं पुडीकडेच झुकायचं. साखर टाका, डाळ टाका, तेच. म्हणजे हा मेला जन्मभर जास्त देत आलाय आणि त्याला पत्ताच नाही. दुकानदार एरवी इतका चिक्कट की सुतळीचा तुकडासुद्धा गाठ सोडून परत घेणारा. थोरलीने सुनेला बजावलं की याची वाच्यता कुठे करायची नाही. जे काय लागेल ते आता इथूनच घ्यायचं.

मुलगा पेटी आणि डबा घेऊन फेरीला गेला तो पंधरवड्याने आला, आणि आला तो भरलेल्या गालांनी आला. डबा जसाच्या तसा परत. उघडलाच नव्हता. थोरलीच्या कपाळावर आठी चढायच्या आत त्याने सांगून टाकलं की या खेपेला खानावळीत एकदाही गेलो नाही. झालं होतं असं की गावोगाव सगळे काटे एकाच बाजूने चुकलेले निघाले. शेठ, तुम्ही गिऱ्हाइकाला फुकट माल वाटताय, असं तो सांगायचा, काटा नीट बसवायचा, शिक्का मारायचा. त्यावर दुकानदार इतके खूश व्हायचे की धरून जेवायला बसवायचे. एकाने तर दोन्ही वेळचं वाढलं आणि वर पान खिलवलं. सगळेच काटे कसे चुकले, हे त्याला जरा चमत्कारिक वाटलं होतं, आणि वजनांची लकाकीही. पण त्याच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की जगातला कुठलाही काटा खोटा निघू शकतो, पेटीतलं वजन निघत नाही. आणि समोर वाढलेलं ताट असताना माणूस फार खोलात जात नाही.

थोरली त्या दिवशी जमिनीवर चालत नव्हती. डबा दिला मी, आणि वाचला तोही!

दुसऱ्या दिवशी मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानदाराचाही काटा तपासला आणि बसवून दिला. ते ऐकून थोरली जी उसळली! साखरेच्या पुडीने पारडं झुकायचं थांबलं होतं. घरच्या माणसाने घरच्याच तोंडचा घास काढला, म्हणून तिने मुलाशी दोन दिवस अबोला धरला. मुलाला कळेना की प्रामाणिकपणे काम केलं तर आई का रुसली, आणि सुनेला ते सांगायची बंदी होती.

मग कचेरीचा फोन आला.

लांबच्या एका गावात एक पीठवाली होती. गिरणीतून भरलेलं पोतं आणायची आणि किलोकिलोच्या पिशव्या भरून विकायची. एका पोत्यातून किती पिशव्या निघतात हे तिच्या हाताला पाठ. काटा बसवून गेल्यापासून एका पोत्यातून जास्तीच्या पिशव्या निघायला लागल्या. दुसरं कुणी असतं तर देवाला हात जोडून गप्प बसलं असतं. ही बाई घाबरली आणि तिने कचेरीला कळवलं. साहेबांनी काटेवाल्याला पेटीसकट बोलावलं.

मुलाने पेटी ओसरीवर आणून उघडली. एक वजन फडक्यातून काढलं, त्याच्या लकाकीकडे या वेळी नीट पाहिलं आणि हळूच उलटं केलं. मग दुसरं. मग तिसरं. रिकामी भोकं त्याच्याकडे बघत होती. म्हाताऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली.

"आई, यातलं शिसं कुठेय?"

"कसलं शिसं? मळ होता तो."

तो चिडला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाशी तिला बोलता येतं. तो खाली बसला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला. वजन ओततात तेव्हा मुद्दाम थोडं हलकं ठेवतात. मग तळाच्या भोकात शिसं भरून ते नेमकं करतात आणि त्या शिशावर सरकारी ठसा उठवतात. तो ठसा म्हणजेच वजन. त्याच्यावर माझा परवाना. ते नाही, तर मी पितळेच्या गोळ्यांची पेटी घेऊन फिरणारा कुणीतरी. आणि हलक्या वजनांवर मी बसवलेला प्रत्येक काटा आता गिऱ्हाइकाला कमी देतोय. सून आत जाऊन केराची टोपली उगाचच उपडी करून आली. महिन्यामागचा केर कुठला सापडतोय.

कचेरीत त्याने काय सांगायचं ते ठरलं होतं: प्रवासात गचके बसून शिसं सुटलं असावं. थोरली सोबत गेली ती फक्त बसून राहायच्या बोलीवर. साहेब म्हणजे किडकिडीत, सर्दी झालेला माणूस. त्याने वजनं पाहिली, नाक पुसलं आणि म्हणाला की वजनं अशी सुटतात ती गबाळ्या माणसाच्या हातात. नीट ठेवलीच नसणार. घरचं वळणच तसं असेल.

थोरलीला बाकी सगळं सोसवलं असतं.

"सुटलं नाही ते," ती म्हणाली. "मी काढलंय. अख्खी दुपार खपले त्यावर. माझ्या घरात गबाळेपणा चालत नाही."

मुलाने डोळे मिटले.

साहेबाने रुमाल खाली ठेवला. शिसं आपोआप पडलं असतं तर तो अपघात होता, त्याला समज देऊन सोडता आलं असतं. पण सरकारी वजनांची पेटी घरच्या माणसाच्या हाती लागली, हा नियमभंग, आणि त्याला परवाना जातो. आपल्या इस्त्रीच्या अब्रूपायी मुलाच्या पोटावर पाय पडला, हे थोरलीच्या लक्षात आलं. तिचं तोंड पाहून असेल किंवा सर्दीने बेजार झाल्यामुळे असेल, साहेबाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. नव्या वजनांनी सगळे काटे पुन्हा बसवायचे, पदरमोड करून, आणि प्रत्येक दुकानदाराची सही आणायची. एक जरी राहिली तरी परवाना जमा.

मुलगा गावोगाव फिरला. जिथे मागच्या खेपेला पान खिलवलं होतं तिथे आता पाणीसुद्धा विचारलं नाही. जास्तीच्या पिशव्या निघायच्या बंद होणार म्हटल्यावर कोण विचारतंय. शिव्या खात आणि डब्यातलं कोरडं चावत त्याने एकेक सही मिळवली. राहिला तो कोपऱ्यावरचा दुकानदार. त्याच्याकडे थोरलीही सोबत गेली.

"बसलेला काटा मी हलवू देणार नाही," तो म्हणाला. "तुमच्याच मुलाचा शिक्का आहे मावशी, वाचा. मी सांगितलं होतं का?"

मुलाने समजावलं, हात जोडले. दुकानदार सुतळीची गाठ सोडत बसला. उद्या महिना संपणार होता. मुलगा पायरीवर बसला, नवी पेटी मांडीवर घेऊन, जशी काही ती उद्या परत करायचीच आहे.

थोरली दुकानासमोर रस्त्यात उभी राहिली. ऐन खरेदीची वेळ. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अडवून ती सांगू लागली की इथे किलोला किलो मिळत नाही. का म्हणून विचारलं तर तेही सांगू लागली, आवाज न उतरवता: काटा माझ्या मुलाने बसवलाय, तो चुकलाय, कारण त्याची वजनं चुकली, कारण ती मी बिघडवली. एकीला सांगितलं, दुसरीला सांगितलं. गर्दी जमली. एक बाई साखरेची पुडी परत करायला आली, मग तिच्या मागून चारजणी. दुकानदार बाहेर धावत आला, मावशी पुरे करा म्हणाला आणि त्याने स्वतः काटा उचलून मुलाच्या पुढ्यात ठेवला. सही इतकी घाईघाईने केली की कागद फाटला.

परवाना राहिला. साहेबाने निरोप पाठवला, सर्दीतच.

फक्त त्या दिवशी रस्त्यात ऐकलेलं गर्दीने घरी नेलं, घरून बाजारात नेलं, आणि बाजारातून ते गाडीघोड्याने गावोगाव पोचलं. ज्याची आई वजनं घासते तो काटेवाला, अशी त्याची ओळख झाली. फोन यायचे थांबले. परवाना भिंतीवरच्या खिळ्याला लटकतो आणि मुलगा त्याच्याखाली, दोन्ही वेळ घरी, अगदी वेळेवर. उदास माणूस खात नाही म्हणतात. हा मात्र तिसऱ्यांदा भात मागतो.

थोरली वाढते. कपाळाला आठी नाही, टोमणा नाही, किती वाढू असंही विचारत नाही. परवा म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सुनेला हळूच आत बोलावून सांगितलं, की हिला एकदा डॉक्टरकडे नेऊन आणा.