बसू देणारी ठिकाणं

एका भल्या माणसाचं लग्न मी मोडलं. एका वाक्यात, आणि तेही समोरच्याला चहाचा आग्रह करता करता.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, बी.ए. होते आणि सदाशिव पेठेत नव्यानेच राहायला आले होते. म्हणजे सर्वज्ञ व्हायला लागणारं सगळं साहित्य जवळ होतं. आमच्या वरच्या मजल्यावर खांबेटे नावाचे तरुण गृहस्थ आईबरोबर राहत. एके दिवशी सोलापूरहून एका मुलीचे वडील त्यांची चौकशी करायला आमच्याकडे आले. स्थळाची चौकशी शेजाऱ्यांकडे करायची, ही तेव्हाची रीतच होती. मी म्हटलं, "माणूस चांगला आहे हो. फक्त शनिवारी संध्याकाळी बारमध्ये असतात. मी स्वतः दारातून पाहिलंय. हातात पेगचं माप घेऊन उजेडात बघत होते." त्यांनी चहा अर्धाच ठेवला. मला वाटलं, साखर कमी पडली.

सहा महिन्यांनी आमच्या ह्यांनी जेवता जेवता सांगितलं, की खांबेटे वजनमापं खात्यात निरीक्षक आहेत आणि बारमधली मापं तपासणं हे त्यांचं काम आहे. तव्यावरची पोळी करपली. ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, कारण माझं तोंड पाहून त्यांना सगळं कळलं होतं.

खांबेट्यांनी लग्न केलंच नाही. मी पंचेचाळीस वर्षं गप्प राहिले. एरवी मला पंचेचाळीस मिनिटंसुद्धा जमत नाही.

यंदा मात्र ठरवलं, की आता सांगायचंच. निमित्त मिळालं सुमीचं. सुमी माझी धाकटी बहीण. लग्न होऊन अमरावतीला गेली, ती बोलण्यासकट तिकडचीच झाली. दोन दिवस पुण्यात येणार होती. फोनवर म्हणाली, "ताई, या खेपेला देवळं नको अन् नातेवाईक तर नकोच. चांगलंचुंगलं खाऊ, निवांत बसू. अन् एक बार दाखव मले. सत्तरी येऊन राहिली, पाहू तर द्या बापा!"

नातीने फोनवर बावीस ठिकाणांची यादी पाठवली. ती घेऊन मी वर गेले. पुण्यात कुठे खावं, हे विचारायला खांबेट्यांसारखा माणूस नाही. निवृत्त होऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षं झाली, पण सुटलं ते खातं. तपासणी चालूच आहे.

"साडेचार तारे म्हणजे लोकांना खूप आवडलेलं, असं नात म्हणते," मी सांगितलं.

"तारे राहू द्या. बसू देतात का, ते सांगा."

यादीतली एकोणीस ठिकाणं तिथेच बाद झाली. उरलेली तीन बघायला ते स्वतः यायला तयार झाले. मी मनात म्हटलं, सापडलात!

शनिवारी सकाळी पहिलं ठिकाण मिसळीचं. खांबेटे आधी हात धुवायची जागा बघतात, मग वाटी उलटी करतात. वाटीचा तळ आतून वर आलेला असेल, तर ती "खोटी वाटी". "भरलेली दिसणं वेगळं आणि भरलेली असणं वेगळं," असं ते वेटरला समजावून सांगतात. वेटर समजूतदार असला तर निघून जातो.

पण त्यांची खरी परीक्षा शेवटच्या घासानंतर सुरू होते. ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि वेटर फडकं घेऊन कधी येतो, ते मोजतात. याला ते फडका-वेळ म्हणतात. दहा मिनिटांच्या आत फडकं आलं, तर ते हॉटेल नापास. मग जेवण अमृत का असेना.

"चाळीस सेकंद!" मिसळवाल्याकडे खांबेटे कडाडले. "अहो, वहिनींचा घास अजून घशात आहे!"

"घशातच राहू द्या, मागे लोक उभे आहेत," मालक म्हणाला.

सुमी रस्त्यावर येऊन पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी हसले नाही. मिसळ खाऊन झाल्यावर सांगून टाकायचं, असा माझा बेत होता, आणि चाळीस सेकंदांत पंचेचाळीस वर्षं कशी बसवणार?

दुपारी बिबवेवाडीत गेलो. खानावळ घरगुती, चार टेबलं. पिठलं-भाकरी, वर लोण्याचा गोळा. वाटी खरी निघाली. मालकीणबाई स्वतः वाढत होत्या. जेवण झालं, घड्याळ टेबलावर आलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सतरा झाली. बाई आल्या त्या फडकं घेऊन नाही, ताक घेऊन. "बसा हो, उन्हाचं कुठे जाता?" खांबेट्यांनी त्यांना हात जोडून नमस्कार केला. मी घसा साफ केला. म्हटलं, "भाऊजी, एक विचारू?" तेवढ्यात बाई खुर्ची ओढून बसल्या आणि आपल्या जावयाबद्दल सांगू लागल्या. बसू देणाऱ्या ठिकाणांचा हा एक तोटा आहे.

आता संध्याकाळच उरली. साडेसहाला, चांगला उजेड असताना, खांबेटे आम्हाला त्यांच्या नेहमीच्या बारमध्ये घेऊन गेले. गल्लीच्या आत, मागे अंगण, अंगणात बदामाचं झाड आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. मी उगाचच पदर सारखा केला. ज्या बारच्या दाराबाहेरून मी एवढा पराक्रम गाजवला, तो आतून बघायची ही पहिलीच वेळ.

आत काय? एक पेन्शनर शब्दकोडं सोडवत होते. तीन मुली लॅपटॉप मिटून शेंगदाणे खात होत्या. गाणी एवढ्या हळू आवाजात, की पलीकडच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"एवढंच?" सुमी निराश झाली. "आमच्या भिशीत याच्यापेक्षा जास्त दंगा असते!" तरी तिने एक बीअर मागवलीच. दोन घोट घेऊन तोंड कडू केलं आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. मी लिंबू-सोड्यावर ठाम होते. हे सांगायचं ते शुद्धीवर सांगायचं होतं. खांबेट्यांची एक बीअर दोन तास पुरते. फडकं इथे फिरकतच नाही.

सुमी हात धुवायला उठली. तिथे तिने वेटरला गाठून मसाला शेंगदाण्यांची कृती विचारायला घेतली. आता नाही तर कधीच नाही.

"भाऊजी, सोलापूरहून एक गृहस्थ आले होते. तुमच्या चौकशीला. फार वर्षं झाली." आणि मी सगळं सांगितलं. दारातून पाहिलेलं माप, अर्धा राहिलेला चहा, सगळं.

खांबेट्यांनी शेंगदाण्याचं साल नीट सोललं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्यांनी जाताना तुमचं नाव सांगितलं होतं. मी तपासणीचं सांगून पाहिलं, त्यांना पटलं नाही. वर म्हणाले, शेजार चांगला आहे तुम्हाला, स्पष्टवक्ता."

"आणि तुम्ही एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"बोललो नाही. पण दोन वर्षं तुमच्या दारावरून जाताना मुद्दाम चपला आपटत गेलो. लक्षात नाही आलं?"

"मला वाटलं, सैल आहेत."

"नवीन होत्या. आणि ते गृहस्थ गेले, त्याच आठवड्यात पहिली बीअर घेतली. बदनामी झालीच होती, वाया का घालवायची?"

मला हसू आलं. मग ते तोंडावरच राहिलं, पुढे सरकेना. डोळे पुसायला मी चष्मा काढला. म्हटलं, "भाऊजी, या वयात मी आता काय करू, सांगा. तुम्ही म्हणाल ते करते."

त्यांनी टेबलावरची सालं गोळा करून बशीत टाकली. मग जे म्हणाले, ते जसंच्या तसं लिहिते:

"काही करू नका, वहिनी. शनिवारी येत जा. एकटा बसलो, की कोणीतरी समोरच्या खुर्चीला हात लावून विचारतं, ‘काका, ही नेऊ का?’ कोणी यायचंय, असं मला खोटं सांगता येत नाही."