नायराशी बोलायला कोणीतरी हवं

माणसाच्या आयुष्यात जबाबदारी कधी ना कधी येतेच. हल्ली ती बहुधा कुंडीतून येते, एवढंच. गंगापूर रोडवरच्या दर दहा फ्लॅटांपैकी सात फ्लॅटांत अशी जबाबदारी खिडकीशी ठेवलेली आढळते (पाहणी लिफ्ट बंद असताना जिन्यातून करण्यात आली आहे). अश्विन आणि स्नेहल बोरस्ते यांनी ती उन्हाळ्याच्या तोंडावर स्वीकारली.

जबाबदारी कॅलाथिया जातीची होती. वीतभर उंची, हिरव्या पानांवर गुलाबी रेघा, मूळ घराणं ब्राझीलच्या जंगलातलं. नाव नायरा ठेवण्यात आलं. नायराला ऊन चालत नसे, अंधार चालत नसे, वारा चालत नसे, आणि नळाच्या पाण्यानं तिच्या पानांच्या कडा करपत. सबब पूर्वेच्या खोलीतला पंखा कायमचा बंद झाला, धुकं सोडणारं एक यंत्र आलं, आणि दोघंही ऑफिसात असताना तिची ख्यालीखुशाली कळावी म्हणून भिंतीवर कॅमेरा बसला. त्यातून पाहता येई, ऐकता येई आणि बोलताही येई.

याच सुमारास अश्विनच्या आई, गोजराबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी निफाडहून आल्या. (हा निव्वळ योगायोग होता, त्यांना दोष देता येणार नाही.) उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायला सांगितले. नायराला फवारा असे. फवाऱ्याची वेळ झाली की अश्विनच्या फोनवर घंटा वाजे. थेंबांची आठवण गोजराबाई करून देत, पण त्यांना घंटा नव्हती.

मग नायराला नव्या पानाची सुरळी आली आणि उघडेना. ऑनलाइन वनस्पती-समुपदेशकांनी फी घेऊन निदान केलं: रोपाशी रोज कोणीतरी मायेनं बोललं पाहिजे. दोघांनी आपापली वेळापत्रकं तपासली. माया शिल्लक होती, वेळ नव्हता.

"आई, तुम्ही बसाल का तिच्यापाशी?" स्नेहलनं विचारलं.

"बसंल की. पन बोलू काय?"

"काहीही. फक्त निगेटिव्ह नको."

"नाव काय म्हणली?"

"नायरा."

"नाय-रा? हाक मारायच्या आधीच नकार!"

तरी त्या बसल्या. बंद पंख्याखाली, धुक्यात, पदरानं मान पुसत त्या बोलू लागल्या. द्राक्षाच्या छाटणीचं बोलल्या, नवरा गेला त्या वर्षीचं बोलल्या. एका दुपारी म्हणाल्या, "तुझं बरं हाय बाई. तुला तहान लागली तर दोघांला कळतं. माझे थेंब आजबी राहिले बघ."

अश्विननं हे मीटिंगमधून ऐकलं. तो ताबडतोब बाहेर आला आणि कॅमेऱ्यातून म्हणाला, "आई!"

गोजराबाईंनी दचकून छताकडे पाहिलं आणि हात जोडले.

"आई, जरा डावीकडे सरक. पान झाकलं जातंय."

त्या सरकल्या.

काही आठवड्यांत धुक्यानं त्यांचे सांधे धरले आणि त्या एसटीनं परत निफाडला गेल्या. त्यांच्या बोलण्यानं अर्धवट उघडलेलं पान तिथेच थांबलं. घरात चिंतेचं वातावरण पसरलं. स्नेहलनं दोन दिवस रजा टाकली (ऑपरेशनच्या वेळी रजा शिल्लक नव्हती), आणि अश्विन गाडी काढून निफाडला गेला.

मधल्या वारीच पोरगा आलेला पाहून गोजराबाईंनी घाईनं चहा टाकला.

"आई, तुझ्याशिवाय करमत नाही गं."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "कुनाला रं?"

"नायराला."

गोजराबाईंनी पदर सोडून गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "साखर कमी घालू ना?"

चहा झाल्यावर अश्विननं त्यांना फोनवर आवाजाचा निरोप कसा धाडायचा ते शिकवलं. रोज पाच मिनिटं. त्यानुसार पूर्वेच्या खोलीत कुंडीशेजारी स्पीकर ठेवण्यात आला. रोज निरोप येई, अश्विन तो लावी आणि दार लोटून बाहेर येई. निरोप नायरासाठी होता. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं सभ्यपणाला धरून नाही.

नायराला कळलं की कांदा साठवणीच्या चाळीत भरला. शेजारच्या भागीबाईच्या गाईला कालवड झाली, हेही कळलं. मग एके सकाळी कळलं, "नायरा, उजव्या डोळ्यापुढं कालपासून धुकं हाय बघ. लय ठणकतो. अश्विनला फोन केला, पन तो कामात असंल. तू सांग त्याला."

स्नेहल दारावरून चालली होती. एक शब्द तिच्या कानावर पडला.

"आई आज धुक्याचं बोलतायत," ती अश्विनला म्हणाली. "बरं झालं. तिला आवडतं."

नायरानं काही सांगितलं नाही. शेवटी भागीबाईनंच गोजराबाईंना रिक्षात घालून डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, नजर बरीचशी गेली. पुढे निरोप येईनासे झाले, तेव्हा अश्विननं जुनेच पहिल्यापासून लावायला सुरुवात केली. फरक घरात कोणाच्याच लक्षात आला नाही.

पान उघडलं. फार देखणं निघालं. फोटो सर्वांना पाठवण्यात आला. गोजराबाईंनी फोन डाव्या डोळ्याशी धरून तो पाहिला आणि कळवलं, "छान हाय. तिची दृष्ट काढा."

हे वाचून आपल्याला या दांपत्याचा संताप आला असेल. ते संवेदनशील मनाचं लक्षण आहे आणि प्रस्तुत लेखक त्याचा आदर करतो. संताप ओसरला की आपला फोन उघडावा. गावाकडून आलेला तो चार मिनिटांचा आवाज, ज्याच्यावरचा माइक अजून निळा झालेला नाही, तो आपण ऐकावा असा आग्रह नाही. आपण कामात असाल. निदान एखाद्या कुंडीपाशी लावून ठेवावा.